उगम दाखवण्याचे बंधन : नगर जिल्ह्यातील बियाणे आणि सोर्स कोडचा परवाना

संगणकाची आज्ञावली दोन रूपांत वावरते. प्रोग्रामर जी लिहितो, वाचतो आणि दुरुस्त करतो ती मूळ संहिता म्हणजे सोर्स कोड. आणि यंत्राला चालवता यावी म्हणून तिच्यापासून तयार केलेली, माणसाला जवळजवळ वाचता न येणारी प्रत म्हणजे बायनरी. विकत घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा ही दुसरी प्रतच पडते. ती चालवता येते, पण तिच्यातला दोष काढायचा किंवा तिच्यात आपल्या सोयीची भर घालायची तर मूळ संहितेवाचून इलाज चालत नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये ‘जनरल पब्लिक लायसन्स’ म्हणजे जीपीएल या परवान्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा या दोन रूपांमधील तुटलेले नाते कायद्याच्या बळावर पुन्हा जोडण्याचा तो प्रयत्न होता. या परवान्याखालील आज्ञावली कोणीही वापरावी, बदलावी, विकावीसुद्धा. मात्र जो ती दुसऱ्याच्या हाती देईल त्याने आपल्या बदलांसह पूर्ण सोर्स कोड घेणाऱ्याला उपलब्ध केला पाहिजे आणि घेणाऱ्यालाही तेच हक्क त्याच अटींवर मिळाले पाहिजेत. या रचनेला कॉपीलेफ्ट असे नाव पडले. बीएसडी किंवा एमआयटी यांसारखे परवाने याहून सैल आहेत. मूळ कर्त्याचे श्रेय आणि परवान्याचा मजकूर राखला की बाकीचे झाकून ठेवायला त्यांची हरकत नसते.

वस्तू एकाच्या हाती, तिचा उगम दुसऱ्याच्या ताब्यात आणि तो उगम दाखवण्याचे बंधन नेमके कोणावर, हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात तो बियाण्याच्या रूपाने सुमारे दीडशे वर्षे वेगवेगळ्या वेशांत उभा राहिलेला दिसतो. पूर्वेचा आणि दक्षिणेचा अवर्षणप्रवण ज्वारी-बाजरीचा पट्टा, पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतला भात-नाचणीचा अकोले तालुका आणि या दोहोंमध्ये राहुरीचे कृषी विद्यापीठ, असा या जिल्ह्याचा विस्तार असल्यामुळे बियाण्याच्या देवघेवीतील जवळजवळ प्रत्येक टप्पा येथे पाहायला मिळतो.

जुन्या पद्धतीत बियाणे ही विकत आणण्याची वस्तू क्वचितच होती. खळ्यावर भरदार कणसे निवडून, दाणे वाळवून, राख किंवा कडुनिंबाचा पाला मिसळून मडक्यात वा शेणाने सारवलेल्या कणगीत ते पुढच्या पेरणीपर्यंत जपले जाई आणि दुष्काळात ते खाऊन संपले तर भावकीतून, शेजारच्या गावातून किंवा सावकाराकडून आणले जाई. उसन्या धान्याची परतफेड वाढीने होत असे. सव्वापट द्यायचे ती सवाई, दीडपट द्यायचे ती दिढी आणि या व्यवहाराचे रूढ नाव वाढीदिढी. या देवघेवीत परतफेडीचे बंधन कडक होते, उगम दाखवण्याचे बंधन मात्र कोठेच नव्हते, कारण त्याची गरज नव्हती. गावठी वाणाचा दाणा पेरला की त्याच गुणांचे पीक येते आणि त्या पिकातून पुन्हा बियाणे मिळते. ज्याच्या हाती दाणा आला त्याच्या हाती वाणाचा सगळा उगम आला. दडवण्यासारखे देणाऱ्याकडे काही उरतच नसे.

दडवादडवी होती ती बियाण्यात नव्हे, हिशेबात. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, मुद्दल किती आणि व्याज किती, हे निरक्षर कुणब्याला कळण्याचा मार्ग नव्हता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि त्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरले, तेव्हा जमावाचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. ते ताब्यात घेऊन जाळण्यात आले. चौकशी आयोगानंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याच्या इतर तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे लक्षात घ्यायची ती एवढीच की कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला लेखी पावती देणे, मागणीनुसार हिशेबाचे वार्षिक विवरण देणे आणि पासबुकात नोंद करून देणे सावकारावर बंधनकारक झाले. ज्याच्यावर व्यवहाराचा परिणाम होतो त्याला व्यवहाराचा मूळ लेख मागण्याचा हक्क आहे, हे तत्त्व या जिल्ह्यात कायद्याने प्रथम ठळकपणे आले ते असे.

विसाव्या शतकात सरकारी शेती खात्याने गावठी वाणांतून निवड करण्यास आरंभ केला. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण पुढे नगरच्या रब्बी पट्ट्यातही घरोघर पोहोचला आणि आजही टिकून आहे. ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मालदांडी जपली त्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत, परंतु निवडलेला वाणही कोणी कुलुपात ठेवला नाही. शेतकऱ्याने तो घेतला, राखला आणि पुढे दिला. आजच्या परिभाषेत हा व्यवहार बीएसडी परवान्याच्या जवळचा म्हणता येईल, आणि तोही श्रेयाची अट गाळलेल्या.

खरी फाटाफूट झाली ती संकरित वाणांमुळे. संकरित बियाणे दोन वेगळ्या, अनेक पिढ्या शुद्ध राखलेल्या पालक वाणांच्या संयोगातून तयार होते. ज्वारी-बाजरीच्या एकाच कणसात नर आणि मादी दोन्ही भाग असल्यामुळे हाताने संकर करणे मोठ्या प्रमाणावर अशक्य असते. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९५४ साली ज्वारीतील पेशीद्रव्यजन्य नरवंध्यत्व, म्हणजे ज्यात कामाचे पराग तयार होत नाहीत आणि जे मादीकडून पुढच्या पिढीत उतरते ते लक्षण, उपयोगात आणता येते असे दाखवले गेले तेव्हा तो अडसर दूर झाला. या तंत्रात तीन वाण लागतात : नरवंध्य मादी, तिची वंशवृद्धी करणारा जोडीदार आणि संकरित पिकाला पुन्हा पराग देणारा नर. भारतात १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आणि १९६५ मध्ये एचबी-१ ही संकरित बाजरी प्रसारित झाली. शेतकऱ्याच्या पिशवीत जो दाणा येतो तो या संयोगाचे फळ असतो. तो पेरला की जोमदार पीक येते, पण त्या पिकातले धान्य पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, झाडे उंच-बुटकी, लवकर-उशिरा येणारी अशी भेसळ होते आणि उत्पादन घटते. दाण्याच्या हजारो वर्षांच्या इतिहासात प्रथमच वापरायचे बियाणे एकीकडे आणि त्याचा उगम दुसरीकडे अशी स्थिती निर्माण झाली. संकरित दाणा ही बायनरी आहे आणि पालक वाण हा तिचा सोर्स कोड, ही तुलना म्हणूनच वरवरची नाही. दोन्हीकडे हाती आलेल्या वस्तूवरून मूळ पुन्हा उभे करणे तत्त्वतः शक्य असले तरी व्यवहारात फार दुष्कर असते.

आरंभीच्या या संकरांचे पालक मात्र गुप्त नव्हते. सीएसएच-१ ही सीके ६०ए आणि आयएस ८४ यांची, तर एचबी-१ ही टिफ्ट २३ए आणि बीआयएल ३बी यांची संतती आहे, ही माहिती कोणाही अभ्यासकाला उपलब्ध होती. यांपैकी टिफ्ट २३ए ही मादी जॉर्जियातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी विकसित केली आणि भारतीय संशोधकांना मोकळेपणाने दिली. या उघडेपणाचा उपयोग लवकरच दिसला, आणि तोही संकटाच्या वेळी. सत्तरच्या दशकाच्या आरंभी संकरित बाजरीवर गोसावी किंवा केवडा रोगाच्या साथी आल्या आणि नगरसारख्या बाजरीच्या जिल्ह्यांना त्यांची झळ बसली. एचबी मालिकेतील आरंभीचे संकर टिफ्ट २३ए या एकाच मादीवर उभे आहेत आणि ती या रोगाला बळी पडते, हे पालकांची नावे उघड असल्यामुळेच सर्वांना एकाच वेळी समजले व वेगवेगळ्या केंद्रांतून रोगप्रतिकारक माद्या घडवण्याचे काम सुरू झाले. तेव्हा पालक गुपित असते तर निरनिराळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या वाणांत एकच दुबळा पाया दडलेला आहे, हे उमगायला किती हंगाम गेले असते याची कल्पनाच करावी. आज्ञावलीतील सुरक्षेचा दोष शोधताना सोर्स कोड का हवा, याचे उत्तरही हेच आहे.

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या आणि राहुरीला मुख्यालय असलेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हीच सार्वजनिक परंपरा चालवली. विद्यापीठाच्या बाजरीच्या दोन संकरांना ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ अशी नावे आहेत. साईबाबांची शिर्डी याच जिल्ह्यात असल्याने या नावांचा उगम सांगायची गरज नाही. त्यांच्या अधिकृत ओळखीतील आरएचआरबीएच ही अक्षरे राहुरी आणि बाजरी दोन्ही सांगतात. याच विद्यापीठाच्या आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्यातून आलेला ‘धनशक्ती’ हा लोहयुक्त बाजरीचा वाण आयसीटीपी ८२०३ या जुन्या वाणातून निवडलेला आहे आणि तो जुना वाण पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागातील गावठी बाजरीतून आला. नगरच्या शेतकऱ्याच्या भाकरीची वंशावळ टोगोच्या शेतकऱ्यापर्यंत दाखवता येते, ती प्रत्येक टप्प्यावर नोंद उघड राहिली म्हणून. धनशक्ती हा संकर नसून खुल्या परागीभवनाचा वाण आहे, त्यामुळे त्याचे बियाणे शेतकऱ्याला राखताही येते.

पुढे वारे बदलले. १९८८ च्या बियाणे विकास धोरणाने खासगी कंपन्यांना वाव दिला आणि संकरित बाजरीच्या बाजारात त्यांचे वाण पुढे आले. २००० मध्ये इक्रिसॅटनेही संकरित पालक वाणांसाठी खासगी कंपन्यांशी वर्गणीवर आधारित सहकार्य सुरू केले. १९६६ चा बियाणे कायदा पिशवीवर उगवणक्षमता, शुद्धता अशी माहिती लिहायला लावतो. आई-बाप कोण, हे लिहायला लावत नाही. परिणामी दुकानात शेतकऱ्यापुढे येतो तो कंपनीचा छाप आणि एक आकडा, आणि शेजारच्या दोन पिशव्यांमधील वाणांचे रक्त एकच आहे की काय, हे ताडण्याचा मार्ग त्याच्यापाशी नसतो.

याच काळात जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कळसूबाईच्या परिसरात, जुनी रीत नव्या रूपात उभी राहिली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या, महादेव कोळी समाजातील राहीबाई सोमा पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे, भाताचे आणि भाज्यांचे गावठी वाण जमवून घरातच बियाणे बँक उभारली. बाएफ या संस्थेची साथ त्यांना लाभली आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीच्या रूपाने हे काम गावोगाव पसरले. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. काळभात, रायभोग, जिरवेल असे या भागातील भाताचे वाण आज ज्या व्यवस्थेतून फिरतात तिची अट साधी आहे : नेलेल्या बियाण्याच्या दुप्पट परत द्यायचे. आकड्यापुरती ही वाढीदिढीपेक्षा चढी वाढ आहे, परंतु ती सावकाराच्या कोठारात न जाता पुढच्या घेणाऱ्याकडे जाते आणि त्यामुळे तिचा स्वभावच बदलतो. घेणाऱ्यावर पुढच्यासाठी काही ठेवण्याचे बंधन घालणे हा जीपीएलचाही गाभा आहे.

तरीही या दोन बंधनांत फरक आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. अकोल्याची अट परत देण्याची आहे. घेतलेल्या वाणातून काही नवे घडवले तर त्याचे काय, याविषयी ती बोलत नाही. कोणी जिरवेल नेऊन त्यात संकर करून नवा वाण काढला, त्याला छाप लावला आणि मूळ सांगितलेच नाही, तर दुप्पट दाणे परत करून तो ऋणमुक्त होतो. जीपीएल नेमकी हीच वाट अडवतो. त्याला ते साधते याचे कारण कायद्याच्या रचनेत आहे : लिहिलेल्या आज्ञावलीवर कॉपीराइट, म्हणजे प्रताधिकार, आपोआप निर्माण होतो आणि परवान्याची अट मोडणाऱ्याची प्रत काढण्याची परवानगीच संपुष्टात येते. भाताच्या दाण्यावर प्रताधिकार नसतो. शेतकऱ्याची अट ओळखीवर आणि लाजेवर टिकते, आणि ओळखीच्या परिघाबाहेर ती लंगडी पडते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न संगणकाच्या परवान्याकडे पाहूनच झाले. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे घेवड्याचे पैदासकार टॉम मायकेल्स यांनी १९९९ मध्ये वनस्पतींच्या बीजद्रव्यासाठी जीपीएलसारखा परवाना सुचवला. त्या विचारातून अमेरिकेत उभ्या राहिलेल्या ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्हने २०१४ मध्ये आपले पहिले वाण प्रसारित केले, पण सात-आठ पानांचा करार बियाण्याच्या पाकिटावर मावत नाही म्हणून लांबलचक परवाना सोडून एका छोट्या प्रतिज्ञेवर समाधान मानले. जर्मनीत २०१७ मध्ये मात्र टोमॅटोच्या एका वाणासह बंधनकारक परवाना प्रत्यक्षात आला. आंतरराष्ट्रीय पातळीवर, अन्न आणि शेतीसाठीच्या वनस्पती संपदेच्या कराराखाली २००६ मध्ये ठरलेल्या प्रमाणित हस्तांतर करारनाम्याने अशी अट घातली की जनुक पेढीतून मिळालेले बीजद्रव्य आहे त्या रूपात कोणी आपल्या हक्कांनी अडवू नये, आणि त्यातून घडवलेला वाण पुढील संशोधनासाठी बंद ठेवला तर विक्रीचा ठरावीक हिस्सा सामाईक निधीत भरावा.

भारताने तोपर्यंत आपला मार्ग निवडला होता. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ हा कायदा पैदासकाराला वाणावर हक्क देतो, पण त्या बदल्यात उगम मागतो. कलम १८ नुसार नोंदणीच्या अर्जात पालक वाणांची संपूर्ण ओळख, बीजद्रव्य भारतात कोठून घेतले ते ठिकाण आणि शेतकरी वा ग्रामसमुदायाचे योगदान नमूद करावे लागते; कलम ४० नुसार आदिवासी किंवा ग्रामीण कुटुंबांनी जपलेले बीजद्रव्य वापरले असल्यास ते उघड करावे लागते आणि जाणूनबुजून दडवल्यास अर्ज फेटाळता येतो; कलम २६ लाभवाटणीचा मार्ग देते; आणि कलम २७ पालक वाणांचे बियाणेही राष्ट्रीय जनुक पेढीत ठेवायला लावते. ही शेवटची तरतूद प्रकाशनाची नाही, ठेवीची आहे : उगम सरकारच्या पेढीत सुरक्षित राहतो, लोकांपुढे येतो असे नाही. शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि छाप न लावता विकण्याचा हक्क कलम ३९ ने शाबूत ठेवला आहे. संकरित वाण आधीच बाजारात विकला जात असेल तर त्याच्या पालक वाणांना नवे म्हणून संरक्षण मिळणार नाही, ही भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये जालन्याच्या महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीच्या प्रकरणात मान्य केली, तीही याच कायद्याखाली; पालक कधीच बाहेर विकले गेले नसले तरी संकराच्या विक्रीतून त्यांचा व्यापारी उपयोग झालेलाच असतो, असे त्यामागचे तर्कशास्त्र आहे.

उगम उघड करण्याचे बंधन नेहमी एखाद्या कृतीला चिकटलेले असते आणि ती कृती टाळणाऱ्याला ते लागू होत नाही. जीपीएलमध्ये ही कृती म्हणजे वितरण. जो बदललेली आज्ञावली स्वतःच्या कार्यालयातच वापरतो त्याच्यावर सोर्स कोड देण्याची सक्ती नाही, आणि वितरण करणाऱ्यानेही तो साऱ्या जगाला नव्हे तर ज्यांच्या हाती प्रत गेली त्यांना द्यायचा असतो किंवा, दुसऱ्या आवृत्तीतील एका पर्यायाप्रमाणे, किमान तीन वर्षे लागू राहणारे लेखी वचन कोणाही मागणाऱ्यासाठी द्यायचे असते. आज्ञावली स्वतःच्या यंत्रावर ठेवून इंटरनेटवरून तिची केवळ सेवा देणाऱ्यांनी ही फट वापरली, म्हणून २००७ मध्ये ॲफेरो जीपीएल या परवान्याची तिसरी आवृत्ती आली, जिच्यात अशी सेवा देणे हीसुद्धा बंधनाची कृती ठरते. भारतीय कायद्यात बंधनाची कृती म्हणजे नोंदणीचा अर्ज. जी कंपनी संरक्षणासाठी अर्जच करत नाही आणि पालक वाण व्यापारी गुपित म्हणून सांभाळते, तिला कलम १८ आणि ४० शिवत नाहीत. संकरित वाणाच्या बाबतीत तर निसर्गानेच कुलूप दिलेले असल्याने अर्जाची निकडही कमी असते. ॲफेरोसारखी दुरुस्ती येथे अजून झालेली नाही.

दुसरी अडचण पुराव्याची. म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये प्रोग्रामर हाराल्ड वेल्टे यांनी एका कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात जीपीएल बंधनकारक मानला, तो वेल्टे यांचा मूळ कोड लोकांपुढे होता आणि त्या कंपनीच्या यंत्रातील प्रत त्याच्याशी ताडून पाहता आली म्हणून. अकोल्याच्या वाणाची चोरी सिद्ध करायची तर आधी तो वाण, त्याचे गुण आणि तो जपणारे गाव यांची दिनांकित नोंद हवी. जैवविविधता अधिनियम, २००२ खालील लोक जैवविविधता नोंदवह्या हे काम करू शकतात, परंतु नुसती नोंद उघडी टाकणे आणि तिच्याबरोबर कोणतीही अट न घालणे म्हणजे दडवणाऱ्याच्या हाती यादी देणे होय, ही आदिवासी भागांतील कार्यकर्त्यांची शंका निराधार नाही. नोंद हवी, आणि ती अटीसह हवी.

१९६६ च्या बियाणे कायद्याची जागा घेण्यासाठी २००४ पासून नव्या कायद्याचे मसुदे मांडले जात आहेत आणि त्यांवरील वाद बहुधा दर, दंड आणि नुकसानभरपाई यांभोवती फिरतात. विक्रीला येणाऱ्या प्रत्येक वाणाची वंशावळ, नोंदणी संरक्षणासाठी असो वा केवळ विक्रीसाठी, निदान सार्वजनिक नोंदवहीत उघड असावी, ही मागणी त्या वादात अग्रभागी असायला हवी. राहुरीच्या विद्यापीठाने अकोल्याच्या प्रत्येक गावठी वाणाची नोंद, तो जपणाऱ्या गावाच्या नावाने आणि गावाच्या अटींवर, करून ठेवली तर कलम ४० ला हात घालण्याजोगा पुरावा मिळेल; हे काम नव्या कायद्यावाचूनही सुरू करता येते आणि ते विद्यापीठाने हाती घ्यावे.